रिटायर झाल्यावर बुलेट काढून लेहला? निघण्याआधी हे वाचा

पासली (ता. राजगड, पूर्वीचा वेल्हे) : तोरण्याच्या मागच्या अंगाला, केळदच्या वाटेवरच्या या गावांतून फौजेत गेलेला जवान साधारण चाळिशीच्या आत-बाहेर घरी परत येतो. हातात फंडाचे पैसे असतात, अंगात रग असते आणि वर्षानुवर्षं मनात ठेवलेली एक इच्छा असते. जिथे ड्युटी केली, तिथे एकदा स्वतःच्या गाडीवर जायचं. इच्छा चांगलीच आहे, पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. फौजेत रूट, पेट्रोल, मेकॅनिक, डॉक्टर यांची सोय मागून होत होती. आता ती सगळी तजवीज जवानाने स्वतः करायची आहे.

आधी पैशाचं बघा

निवृत्तीच्या वेळी मिळणारी मोठी रक्कम बक्षीस नसते. त्यात ग्रॅच्युइटी आणि फंडासोबत विकलेली पेन्शनही असते. विकलेला भाग १५ वर्षं दर महिन्याच्या पेन्शनमधून कापला जातो. म्हणून या रकमेतून दोन-तीन लाखांची नवी गाडी घेण्याआधी घरात बसून हिशोब करावा.

पासली ते लेह जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून साधारण ६ हजार किलोमीटर होतात. गाडी ३५ चं अॅव्हरेज देत असेल तर सुमारे १७० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर १८ हजार झाले. जेवण-मुक्कामाला दिवसाला दीड हजार धरले तर ३० दिवसांचे ४५ हजार. सर्व्हिसिंग-टायरला १० हजार आणि अडीअडचणीला २० हजार वेगळे ठेवले, तर एकूण ९३ हजारांवर जातं. जुनी गाडी धडधाकट असेल तर तीच नीट करून घेतलेली बरी.

कागद पक्के करा

बऱ्याच जवानांची गाडी पोस्टिंगच्या राज्यात घेतलेली असते. दुसऱ्या राज्याच्या नंबरची गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथली एनओसी आणून इथला नंबर घ्यावा लागतो. लायसन्स, विमा आणि पीयूसी यांची मुदत परतीच्या तारखेपर्यंत तरी असायला हवी.

थर्ड पार्टी विमा समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो. त्यातून स्वतःची गाडी भरून मिळत नाही. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे का, हे पॉलिसीत बघून घ्यावं. लायसन्सची मुदत संपलेली असेल तर हा दावा अडकू शकतो, मग घरच्यांच्या हाती काही लागत नाही.

ईसीएचएस कार्ड सोबत ठेवावं. तातडीने दुसऱ्या दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. अग्निवीरांची गोष्ट वेगळी आहे. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी मिळतो, पण पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. त्याने आरोग्य विमा काढूनच गाडीला किक मारावी.

कधी निघायचं?

जून-जुलैत इकडे भाताची लावणी आणि तिकडे हिमाचलात दरडी. लावणी उरकून, गणपती झाले की सप्टेंबरच्या मध्याला निघावं आणि कापणीच्या आत परत यावं. मनाली-लेह रस्ता बर्फामुळे हिवाळ्यात बंद होतो. त्यामुळे लेह सप्टेंबरअखेरपर्यंत गाठलेलं बरं.

सपाटीवर दिवसाला ३०० आणि डोंगरात १५० किलोमीटर पुरे. अंधार पडल्यावर गाडी चालवू नये.

उंचीला वय कळतं

तोरणा ४,६०३ फूट. लेह साधारण साडेअकरा हजार, म्हणजे तोरण्याच्या अडीचपट. खारदुंगला १७,५८२ फूट, म्हणजे जवळपास चौपट. ‘मी तिथे दोन वर्षं काढलीत’ हा भरवसा इथेच धोक्याचा ठरतो. फौजेतसुद्धा ९ ते १२ हजार फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस थांबवून मगच वर पाठवतात. खाली उतरून काही वर्षं झाली की शरीराची ती सवय जाते. बीपी-शुगर तपासून निघावं आणि लेहला किमान दोन-तीन दिवस आराम करावा. डोकं ठणकलं, उलटी झाली तर वर जाऊ नये. त्रास वाढला तर लगेच खाली उतरावं.

एकट्याने नको

कारगिल विजयाला २५ वर्षं झाली तेव्हा, जून २०२४ मध्ये, लष्कराच्या मोटारसायकल तुकड्या दिनजान, द्वारका आणि धनुष्कोडी इथून द्रासकडे निघाल्या होत्या. नोकरीतले तयार जवानही असे टोळीने जातात. निवृत्ताने निदान एक जोडीदार तरी घ्यावा.

महाराष्ट्राचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. रोज संध्याकाळी घरी फोन करायची वेळ ठरवून ठेवावी. पेन्शनचं ‘स्पर्श’ खातं, पीपीओ, बँकेचे आणि विम्याचे कागद कुठे आहेत, हे कारभारणीला दाखवूनच घर सोडावं.

आधी इथेच तालीम

सगळं सामान बांधून पासलीहून वेल्हे, चेलाडी फाटा, भोर, वरंध घाटातून महाड आणि परत अशी एक फेरी मारावी. पावसाळ्यात वरंध घाट बऱ्याचदा वाहतुकीला बंद असतो, ते आधी विचारून घ्यावं. कंबर कुठे धरते, बॅग कुठे सुटते, ब्रेक कुठे कमी पडतो, हे एका दिवसात कळतं. पंक्चर स्वतः काढता आलं पाहिजे. क्लच वायर जवळ हवी आणि ती बदलताही आली पाहिजे. इथे काही अडलं तर गावातून कोणीतरी टेम्पो घेऊन येईल. झोजिलाच्या घाटात तसं कोणी येणार नाही, म्हणून जे शिकायचं ते आधी इथेच शिकून घ्यावं.