नकाशे गेले, जहाज राहिलं

1956 साली इंग्लंडमधल्या टॉरबेपासून लिस्बनपर्यंत शिडाच्या मोठ्या जहाजांची एक शर्यत झाली. हेतू काय होता माहितीये? निरोपसमारंभ! शिडांचे दिवस संपले, उरलीसुरली जहाजं एकदा एकत्र आणू, डोळे भरून बघू आणि विषय मिटवू. निरोप देऊन झाला, पण पाहुणे उठायलाच तयार नाहीत. त्या शर्यती आजही होतात, आणि नियम असा की जहाजावरचे निदान निम्मे खलाशी 15 ते 25 वर्षांचे हवेत.

जुलै 2023 मध्ये हा तांडा इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल बंदरात मुक्कामाला होता. अशा जत्रेत कॅमेरा डोळ्याला लावला की आधी दिसतो तो निव्वळ गुंता. दोरच दोर! संध्याकाळच्या तिरप्या उन्हात झूम करून बघा, मग उलगडा होतो. जुन्या पद्धतीच्या जहाजावर या दोरांच्या सरळसरळ दोन जाती असतात. एक जाड, काळपट, डांबर चोपडलेली. हे दोर जागचे हलत नाहीत. डोलकाठी उभी धरून ठेवणं एवढंच त्यांचं काम. फोटोत सगळ्यात देखणी दिसणारी ती दोरांची शिडी आहे ना, ती मुळात शिडी नव्हेच! डोलकाठी आडवी होऊ नये म्हणून दिलेले ते ताण आहेत. खलाशांनी त्यांना आडव्या दोऱ्या बांधल्या आणि वर चढायची सोय फुकटात करून घेतली.

दुसरी जात फिकट, कप्प्यांतून सतत धावणारी. शिडाची आडवी काठी वर चढवायला एक दोर, ती फिरवायला दुसरा, शिडाची टोकं ताणायला तिसरा, शीड गुंडाळायला आणखी काही. आता हे प्रत्येक शिडासाठी मोजा! खाली कठड्यापाशी खुंट्यांची रांग असते, आणि प्रत्येक दोराची खुंटी ठरलेली. का? कारण काळोख्या रात्री, वादळात, नुसत्या हाताला नेमका दोर सापडला पाहिजे. भलताच सुटला तर वर काठीवर उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल?

हा सगळा दोरांचा खेळ वाऱ्यासाठी. वारा मागून आला की जहाज पुढे जाणार, त्यात नवल नाही. पण जायचंय तिकडूनच वारा येत असेल तर? शीड तिरकं धरायचं. फुगलेलं कापड वाऱ्याला वळवतं, आणि वळवता वळवता स्वतः उलट्या बाजूला ढकललं जातं. हा रेटा बराचसा आडवा असतो. पण पाण्याखालचं लांबलचक अंग जहाजाला आडवं सरकू देत नाही, मग त्या रेट्यातला पुढचा वाटाच तेवढा हाती लागतो. नागमोडी वळणं घेत जहाज वाऱ्याच्याच घराकडे निघतं! इंधन? शून्य.

आता जरा मागे वळा. कॅमेरे पाहुण्यांवर रोखलेले असताना हार्टलपूलच्याच जुन्या गोदीत एक यजमान उभी असते: त्रिंकोमाली, ब्रिटिश नौदलाची जुनी युद्धनौका. जन्मगाव मुंबई!

नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला ओक लाकूड पुरेना. मुंबईच्या गोदीत मात्र वाडिया घराणं मलबारच्या सागवानात जहाजं घडवत होतं. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं; तेलकट सागवान त्यांना जपतं. त्रिंकोमालीचे नकाशे 1812 मध्ये ‘जावा’ या जहाजातून मुंबईकडे निघाले. सोबत मुंबईचे नियोजित सरसेनापतीही होते. ब्राझीलजवळ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन युद्धनौकेनं जावाला गाठून हरवलं आणि पेटवून दिलं. सेनापतीसाहेब वाचले, नकाशे गेले. दुसरा संच पाठवावा लागला.

अखेर 1816 मध्ये जमशेटजी बोमनजी वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. 12 ऑक्टोबर 1817 ला त्रिंकोमाली पाण्यात उतरली. तोवर नेपोलियनला हरवणारी वॉटर्लूची लढाई होऊन दोन वर्षं उलटली होती. ज्यासाठी जहाज मागवलं ते युद्धच शिल्लक नव्हतं! इंग्लंडला पोचल्यावर तिच्या डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून तिला चक्क नांगरून ठेवलं. माझ्या मते तिचं नशीब तिथेच उघडलं: तोफगोळे झेलण्याऐवजी ती छपराखाली जपली गेली. पुढे तिनं दूरदूरच्या समुद्रांत गस्त घातली आणि विसाव्या शतकात नाव बदलून पोराटोरांना दर्यावर्दीपणाचे धडे दिले. आज पाण्यावर तरंगणारी युरोपातली ती सर्वांत जुनी युद्धनौका आहे.

आणि तिचे पहिले नकाशे बुडवणारी कॉन्स्टिट्यूशन? 1797 ची ती नौकाही अजून तरंगतेय, अटलांटिकच्या पलीकडे, बोस्टनच्या बंदरात. तिकडे गेलात तर तिचाही एक फोटो काढा.