मकरान ते माहुल

२८ नोव्हेंबर १९४५. पहाटे साडेतीनच्या सुमारास आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. मुंबईत त्सुनामी पोचली ती सकाळी सव्वाआठला. वर्सोव्याला मासेमारी करणारी पाच माणसं वाहून गेली, हाजीअलीला सहा. दांडा आणि जुहूला होड्या दोर तोडून सुटल्या. लाट होती जेमतेम दोन मीटरची. तिला यायला पावणेपाच तास लागले आणि तेवढ्या वेळात मुंबईला कळवणारं कुणीच नव्हतं.

एवढा अवधी मिळतो तो उथळ समुद्रामुळे. तीन हजार मीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी सहाशे किलोमीटरने धावते, पन्नास मीटरवर तिचा वेग ऐंशीवर येतो. मुंबईसमोरचा उथळ पट्टा तर जवळजवळ तीनशे किलोमीटर रुंद आहे.

आज या लाटेवर नजर ठेवली जाते ती हैदराबादहून, जिथून समुद्र दिसायचा प्रश्नच नाही. तिथल्या ‘इन्कॉइस’मध्ये, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात, २००४ च्या संहारानंतर २००७ साली त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. भूकंपानंतर साधारण दहा मिनिटांत पहिलं बुलेटिन निघतं. पण प्रत्येक भूकंप लाट उठवत नाही. खरी साक्ष देतात ती समुद्रतळावरची दाबमापक यंत्रं. हजारो मीटर पाण्याखाली बसून ती वरच्या पाण्यातला एक सेंटीमीटरचा चढही टिपतात, ध्वनिलहरींनी तरंगत्या बोयाला कळवतात आणि बोया उपग्रहाला. एप्रिल २०१२ मध्ये सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा याच साक्षीमुळे आपल्याकडे सरसकट किनारे रिकामे करावे लागले नाहीत. माझ्या मते त्या दिवशी खरी परीक्षा झाली. खोटी हाकाटी दोनदा झाली की तिसऱ्यांदा कोण उठेल?

केंद्राचे इशारे तीन पायऱ्यांचे. दोन मीटरहून मोठ्या लाटेला वॉर्निंग, म्हणजे सखल भाग सोडून आत जायचं. अर्धा ते दोन मीटरला अलर्ट, म्हणजे निदान किनारा सोडायचा. त्याखाली वॉच. १९४५ ची लाट पहिल्या दोन पायऱ्यांच्या सीमेवरची, आणि त्या दिवशीचे बळी अगदी पाण्याच्या कडेचे. साधा अलर्टसुद्धा बहुधा पुरला असता.

चेंबूर उघड्या समुद्रावर नाही, म्हणून चेंबूरकर निश्चिंत असतो. (भरतीचं वेळापत्रक आपण पावसाळ्यात बघतो, तेही लोकल चालेल का म्हणून.) पण बंदरात आणि खाडीत लाटेच्या उंचीइतकाच पाण्याचा ओढा घातक ठरतो. चेंबूरच्या टोकाला माहुलचा कोळीवाडा, त्याला लागून दोन रिफायनऱ्या. समोर जवाहर द्वीप आणि पीर पाव, तिथे तेलाची आणि रसायनांची जहाजं लागलेली. पावणेपाच तासांत टँकरची पाइपजोडणी सोडवून तो खोल पाण्यात नेता येतो, मात्र ते आधी ठरलेलं हवं. जी होडी आधीच बाहेर खोल समुद्रात आहे, तिने धक्क्याकडे वळू नये. कोळ्याला उधाण आणि भांग शिकवायला नको, पण हे पाणी चंद्राच्या हिशेबाने चालत नाही.

ओडिशातल्या नोलियासाही आणि व्यंकटरायपूर या गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या महासागर आयोगाने ‘त्सुनामी रेडी’ म्हणून मान्यता दिली. पाणी कुठवर येईल याचे नकाशे, पळायच्या वाटांचे फलक, पुन्हा पुन्हा सराव, अशी ती तयारी. माहुलला हेच करायचं तर गाव एकटं पुरणार नाही, कारण गावाचा रस्ताच रिफायनऱ्यांच्या कुंपणांलगत जातो. कंपन्या, बंदर, महापालिका आणि मच्छीमार सोसायटी यांना एकाच दिवशी सरावाला उतरावं लागेल. आणि तो पहिल्या लाटेपाशी आटोपता येणार नाही. १९४५ साली लाटा उथळ पट्ट्यात अडकून किनाऱ्याला समांतर फिरत राहिल्या, मुंबईचं पाणी तासन्‌तास हेलकावत होतं. होडी शाबूत आहे का हे पाहायला माणसं खाली उतरतात ती नेमकी याच वेळी. हैदराबादहून शेवटचं बुलेटिन येईपर्यंत त्यांना वर थोपवून धरण्याचं काम कुणाचं, हेही सरावातच ठरायला हवं.