शब्दहरण, अर्थहरण आणि संशोधनपत्रिकेची नीती

वाङ्मयचौर्याचा सूक्ष्म विचार भारतीय साहित्यशास्त्रात फार पूर्वी झालेला आहे. इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या अखेरीस व दहाव्याच्या आरंभी होऊन गेलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ ह्या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात शब्दहरणाची आणि पुढील दोन अध्यायांत अर्थहरणाची चर्चा केली आहे. (आपल्या पूर्वजाला, अकालजलदाला, ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणणारा हा पंडित मराठीच्या अभ्यासकांना तसा परका नाही.) पद, पाद, अर्ध, वृत्त आणि प्रबंध असे शब्दहरणाचे पाच प्रकार तो सांगतो. अर्थहरणात मात्र त्याला अधिक बारकाईने पाहावे लागते. आशय सर्वस्वी दुसऱ्याचा आणि केवळ वाक्यरचना निराळी, तो प्रतिबिंबकल्प. त्याच आशयावर थोडा संस्कार करून तो वेगळा भासवला, तो आलेख्यप्रख्य. विषय भिन्न असूनही अतिसादृश्यामुळे अभेद वाटावा, तो तुल्यदेहितुल्य. आणि मूळ एक पण मांडणी पूर्णतः भिन्न, तो परपुरप्रवेशसदृश. ह्यांपैकी प्रतिबिंबकल्प सर्वथा टाळावा, असा त्याचा निर्णय आहे.

काव्याला लावलेली ही कसोटी संशोधनलेखाला जशीच्या तशी लावता येणार नाही. कवीला पूर्वसूरींचा ऋणनिर्देश तळटीपेत करावा लागत नाही. संशोधकाला करावा लागतो. तथापि शब्द आणि अर्थ ह्यांतील हा भेद संशोधनपत्रिकांच्या नीतीचा विचार करताना कळीचा ठरतो, कारण प्रचलित व्यवस्था प्रामुख्याने पहिल्याचीच मोजदाद करते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याच्या प्रतिबंधासाठी विनियम केले. त्यांनुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० हून अधिक अशा त्यापुढील तीन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर लेख मागे घ्यावा लागतो; दुसऱ्या पातळीवर त्याशिवाय एक वार्षिक वेतनवाढ जाते व दोन वर्षे नव्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन करता येत नाही; तिसऱ्या पातळीवर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे आणि संदर्भसूची ह्या मोजणीतून वगळलेली आहेत. सर्वसामान्य ज्ञानाच्या किंवा योगायोगाने जुळणाऱ्या सलग चौदा शब्दांपर्यंतच्या मजकुरालाही तीच सूट आहे. ही व्यवस्था निरुपयोगी आहे असे म्हणता येणार नाही. जुन्या प्रबंधांतील प्रकरणे उचलून नव्या प्रबंधांत बसवण्याच्या प्रघाताला तिने काहीसा धाक बसवला. परंतु ती ज्याला साम्य म्हणते ते शब्दांचे साम्य होय.

मराठी साहित्यसंशोधनातील खरा धोका निराळा आहे. स्त्रीवाद, संरचनावाद, उत्तरवसाहतवाद ह्या विषयांवरील मराठी विवेचन इंग्रजी ग्रंथांच्या आधाराने वाढले, हे स्वाभाविकच होते. त्यातूनच एक सोपी वाट निघाली : इंग्रजी लेखाची सैद्धांतिक पाने मराठीत उतरवावयाची, मूळ लेखकाने घेतलेली कादंबरी काढून तिच्या जागी एखादी मराठी कादंबरी ठेवावयाची आणि लेख आपल्या नावे पाठवावयाचा. राजशेखराच्या परिभाषेत हा शुद्ध प्रतिबिंबकल्प होय. तपासणीच्या संगणकप्रणालीत मात्र त्याचे साम्य नगण्य भरते. भाषांतरित साम्य शोधण्याची सोय काही प्रणालींत आली असली, तरी मराठीच्या बाबतीत तिच्यावर विसंबून राहता येत नाही. पूर्वी ह्या कामाला निदान इंग्रजी यावे लागे. यांत्रिक भाषांतराने तेवढीही अट उरू दिलेली नाही.

असा लेख जाणत्या वाचकाच्या लक्षात येतो, तो काही खुणांमुळे. सैद्धांतिक भागात विचाराची पकड घट्ट असते आणि मराठी कलाकृतीची चर्चा सुरू होताच ती एकाएकी सुटते. एकाच संकल्पनेला दोन पानांवर दोन प्रतिशब्द येतात. फ्रेंच विचारवंताच्या मूळ ग्रंथाचा पृष्ठांकासह हवाला असतो, पण लेखकाने तो फ्रेंचमध्ये वाचल्याचे कोठेही दिसत नाही. म्हणजे हवालाही मूळ इंग्रजी लेखाबरोबरच आलेला असतो.

ह्या प्रवृत्तीला केवळ व्यक्तीच्या सचोटीचा अभाव म्हणून चालणार नाही. नियमांचाही तिला हातभार आहे. शिक्षकांच्या नियुक्ती व पदोन्नतीसंबंधीच्या २०१८ च्या नियमावलीत भाषा व मानव्यविद्यांतील संशोधनलेखाला १० गुण आहेत. भाषांतरित लेखाला किंवा प्रकरणाला ३. जो अध्यापक एखादा महत्त्वाचा निबंध परिश्रमपूर्वक मराठीत आणतो आणि तसे प्रांजळपणे सांगतो, त्याला तीन गुण मिळतात. तेच भाषांतर लपवणाऱ्याला दहा. सहलेखनाचा हिशेबही असाच विचित्र आहे. दोन लेखक असल्यास प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात, म्हणजे एका लेखाचे दहा गुण दोघांत मिळून चौदा होतात. साहित्यविचारातील लेख बहुधा एकट्याने लिहिला जातो. विद्यार्थ्याच्या लेखावर मार्गदर्शकाचे नाव येते तेव्हा त्याचा वाटा नेमका कोणता, हे लेखाखाली एका ओळीत नमूद करण्याची पद्धत पत्रिकांनी पाडावयास हवी.

हरणाचा आणखी एक प्रकार संगणकाच्या दृष्टीबाहेर राहतो. तो मौखिक सामग्रीचा. लोकसाहित्यावरील लेखांत ओव्या येतात. त्या सांगणारी बाई येत नाही. ‘एका वृद्धेकडून मिळालेली ओवी’ एवढ्यावर काम भागते आणि संकलक आपोआप तिचा स्वामी होतो. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर ह्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या आणि त्या गाणाऱ्या स्त्रियांची व गावांची नोंद ठेवली गेली. एवढ्या प्रचंड संग्रहात जे शक्य झाले, ते दहा ओव्यांच्या लेखात अशक्य मानण्याचे कारण नाही. अर्थात नाव देण्यापूर्वी त्या बाईची संमती घेतली पाहिजे, हेही तितकेच खरे.

पत्रिकांच्या याद्यांनी हा प्रश्न सुटेल अशी आशा काही काळ होती. २०१७ मध्ये आयोगाने मान्य पत्रिकांची यादी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने तीत आलेल्या, परंतु अन्यत्र अनुक्रमित नसलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कनिष्ठ दर्जाच्या असाव्यात, असा निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ४,३०५ नावे वगळण्यात आली, पुढे ‘केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचे आयोगाने जाहीर केले. आयएसएसएन हा केवळ ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे, हेही ह्या काळात पुनःपुन्हा सांगावे लागले.

म्हणून भार येतो तो परीक्षकावर. मराठीत एखाद्या विषयाचे जाणकार दहा-बारा असतात. लेखकाचे नाव झाकले तरी विषयावरून तो ओळखू येतो. ही अडचण खरी आहे, पण नाव झाकणे हा परीक्षणाचा आत्मा नव्हे. लेखातील आधारग्रंथ परीक्षकाने पाहिले आहेत का, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. नसतील, तर त्याने तसे संपादकांना कळवावे आणि संपादकांनी दुसरा परीक्षक शोधावा. ‘प्रसिद्धीस योग्य’ हे दोन शब्द म्हणजे परीक्षण नव्हे. कोणता विचार कोठून आला आणि त्यात लेखकाची भर कोणती, ह्याचे उत्तर अभिप्रायात असावे. मूळ परक्याचे पण मांडणी नवी, असा लेख ऋणनिर्देशासह आला तर तो स्वीकारण्यास हरकत नाही. परपुरप्रवेशाचा निर्णय माणसालाच करावा लागतो. आधार सांगितल्याने लेखकाचे मोल कमी होत नाही. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ प्रसिद्ध केले, ते ‘हॅम्लेट’चे भाषांतर म्हणूनच.

चौर्य उघड झाल्यावर काय करावे, ह्याबाबत मात्र मराठी पत्रिकांत संकोच दिसतो. लेखकाला खाजगीत समज दिली जाते आणि विषय मिटतो. संकेतस्थळावरील लेख काढून टाकला, तरी छापील अंक परत बोलावता येत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील बांधीव खंडात तो लेख तसाच राहतो आणि पुढील पिढीतला विद्यार्थी विश्वासाने त्याचाच हवाला देतो. पुढच्या अंकात लेखाचे शीर्षक, मूळ इंग्रजी लेखाचा निर्देश आणि लेख मागे घेतल्याचे कारण देणारी चार ओळींची नोंद छापली, तर निदान अनुक्रमणिका चाळणाऱ्याला ती सापडेल.