गाडी थरथरते? कधी थरथरते ते आधी बघा

माल भरलेली पिकअप हादरायला लागली की लगेच बॅलन्सिंगला नेऊ नका. पिवळं पान दिसलं म्हणून फवारणी करू नका म्हणतो ना, तसंच.

आधी चाकांचे नट पान्याने तपासा, रिमच्या आतला वाळलेला चिखल काढा, टायरला फुगा आलाय का बघा. बऱ्याचदा दुखणं तिथंच सापडतं. नट ढिला असेल तर आवळल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

ब्रेक दाबल्यावरच स्टीअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्कचा संशय; सीटखाली हादरलं तर मागचे ड्रम. रेस दिल्यावरच हादरे, शिवाय क्लच सोडताना 'खट्' आवाज येतो? मग शाफ्टचा क्रॉस तपासा. मेकॅनिकला हे नीट सांगा, नाहीतर उगाच पार्ट बदलत बसतो.

ब्रेकचा थरथराट असेल तर दुरुस्तीआधी माल भरून घाट उतरू नका.