समेट न मागणारी कामे

१९९८च्या सुरुवातीपर्यंत बॉस्नियात गाडीच्या नंबर प्लेटवरून आत बसलेल्या माणसाची जमात ओळखता येत असे. युद्धात तीन बाजूंनी तीन तऱ्हेच्या प्लेट काढल्या होत्या. बॉस्नियाक मुस्लिमांच्या ताब्यातल्या भागात लिलीच्या फुलांचे चिन्ह, क्रोएटांच्या भागात लाल-पांढरी चौकट आणि सर्बांच्या भागात सिरिलिक अक्षरे. १९९५च्या डेटन कराराने साऱ्या देशात मुक्त संचाराचा हक्क दिला होता आणि तो राबवायला नाटोचे साठ हजार सैनिक उतरले होते. नाकी उठली, रस्ते मोकळे झाले, पण पलीकडच्या हद्दीत गाडी घालायला लोक धजावत नव्हते. तिथल्या पोलिसाला प्लेट लांबूनच दिसे, आणि पुढे काय होईल याचा भरवसा नसे. करार राबवण्यासाठी आंतरराष्ट्रीय समुदायाने नेमलेले तेव्हाचे उच्च प्रतिनिधी कार्लोस वेस्टेनडॉर्प यांनी मग साऱ्या देशासाठी एकच प्लेट लागू केली. तिच्यावर गावाचा संकेत नव्हता. आपल्याकडे एमएच १२ दिसले की गाडी पुण्याची हे कळते, तसे तिथे काही कळू नये अशीच ती घडवली होती. आकड्यांच्या मध्ये येणारे अक्षर निवडताना रोमन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत दिसायला व वाचायला सारखी असणारी अक्षरेच तेवढी घेतली. प्लेट कोणत्या लिपीत लिहिली आहे, हे भांडायला बसलेल्यालाही सांगता येईना. काही महिन्यांतच हद्द ओलांडणारी रहदारी वाढली. शेजाऱ्यांची मने बदलली होती असे मात्र नाही.

बॉस्नियातल्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांचा हिशेब मांडायचा तर या प्लेटपासून मांडावा असे मला वाटते. १९९२ ते १९९५ या काळात तिथे सुमारे एक लाख माणसे मेली आणि ४४ लाखांच्या देशातली जवळपास निम्मी वस्ती घरातून उठली. त्या वणव्याच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. राखायला शांतताच नसली की शांतिसेनेचे काय होते, हे त्या सेनेच्या पुढच्या इतिहासात जगाने पाहिले. करारानंतर मात्र मदतीला तोटा नव्हता. पैसा आला, सैन्य आले, युद्धगुन्ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय न्यायालय होते, आणि १९९७च्या बॉन बैठकीनंतर उच्च प्रतिनिधीला कायदे लादण्याचे नि निवडून आलेल्या पुढाऱ्यांनाही घरी पाठवण्याचे अधिकार मिळाले. शिवाय संवाद, सहिष्णुता आणि सलोखा या नावांनी शिबिरे नि परिसंवाद किती झाले याला गणती नाही. या पसाऱ्यातून टिकले काय, हे पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या कामांनी कुणाकडून पश्चात्ताप, क्षमा वा विश्वास मागितला नाही, ज्यांची पडताळणी विरोधकालाही स्वतः करता येत होती, ती कामे उभी राहिली. ज्यांनी समेटच मागितला ती वाळूत पाणी जिरावे तशी जिरली.

यातले सगळ्यात अवघड काम हाडांचे होते. युद्ध संपले तेव्हा एकट्या बॉस्नियात तीस हजारांवर माणसे बेपत्ता होती. १९९६मध्ये लियॉनच्या जी-सात परिषदेत बिल क्लिंटन यांच्या पुढाकाराने बेपत्ता व्यक्तींसाठी आंतरराष्ट्रीय आयोग निघाला. सुरुवातीला ओळख पटवायची ती जुन्याच रीतीने, म्हणजे कपडे, चष्मा, खिशातली वस्तू, दातांची ठेवण यांवरून. १९९५मध्ये सर्ब सैन्याने बॉस्नियाकांचे हत्याकांड केले त्या स्रेब्रेनित्साच्या मृतांजवळ सापडलेल्या वस्तूंच्या छायाचित्रांची पुस्तके करून ती कुटुंबांना दाखवली गेली. आईने आपल्या हाताचा विणकामाचा टाका ओळखावा, पत्नीने विजारीला लावलेले ठिगळ ओळखावे, अशी ती पद्धत. पण एकाच कारखान्याचे बूट शेकडो पायांत असतात, आणि कपडे युद्धात हातोहात फिरतात. त्यातून स्रेब्रेनित्साच्या मारेकऱ्यांनी १९९५च्या शरद ऋतूत पुरावा लपवण्यासाठी मूळ सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून प्रेते दूरदूरच्या खड्ड्यांत नेऊन टाकली होती. खोदकामाच्या दातेरी फाळांनी सांगाडे तुटले, मिसळले. एकाच माणसाची मांडी एका कबरीत आणि कवटी काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या कबरीत, असे घडले. जुन्या रीतीने त्यातल्या मोजक्यांचीच ओळख पटली होती.

मग आयोगाने काम उलटे केले. आधी प्रेताची ओळख शोधून कुटुंब गाठण्याऐवजी देशभरातून आणि परदेशी पांगलेल्या निर्वासितांतूनही नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. बोटाला टोचून काही थेंब कार्डावर घ्यायचे, कार्डाला बारकोड. दुसरीकडे हाडाचा लहान तुकडा कापायचा, वरचा थर घासून काढायचा, दळून भुकटी करायची आणि तिच्यातून डीएनए काढायचा, त्यालाही बारकोड. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञासमोर नाव नसते, गाव नसते, धर्म नसतो. संगणक दोन्हीकडचे संच पडताळतो आणि ९९.९५ टक्क्यांच्या वर खात्री असेल तरच जुळणी कळवतो. एवढ्यानेही गाठ सुटतेच असे नाही. आईबापांचे दोन मुलगे बेपत्ता असतील आणि त्या मुलांना स्वतःची मुले नसतील, तर हाड या जोडप्याच्या मुलाचे आहे इतकेच डीएनए सांगतो, कोणत्या मुलाचे ते सांगत नाही. तिथे हाडांवरून वय काढणारा मानवशास्त्रज्ञ लागतो. काही घरांतले सगळे पुरुष गेलेले असतात, मग रक्त द्यायला जवळचे कुणी उरत नाही. आयोग फक्त जुळणी कळवतो. मृत्यूवर शिक्कामोर्तब करणे आणि कुटुंबाला सांगणे स्थानिक न्यायवैद्यक डॉक्टरकडे राहते. सापडलेल्या हाडांवर दफन करायचे की आणखी सापडेपर्यंत थांबायचे, हे कुटुंबाने ठरवायचे. दफनानंतर आणखी एखादे हाड जुळले तर कबर पुन्हा उघडायची का, हा प्रश्न उरतोच. कुणी दरवेळी कळवा म्हणते, कुणी आता पुन्हा कळवू नका म्हणते. २००१च्या नोव्हेंबरात पहिली जुळणी लागली. आज बेपत्तांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास माणसे सापडली आहेत, आणि स्रेब्रेनित्साच्या सुमारे आठ हजारांपैकी जवळपास सात हजारांची ओळख पटली आहे. इतक्या मोठ्या हत्याकांडानंतर असे काम जगात आधी कुठे झाले नव्हते. शिवाय ते सर्ब, क्रोएट आणि बॉस्नियाक अशा तिन्ही बाजूंच्या मृतांसाठी एकाच यंत्रावर झाले, आणि वेगवेगळ्या चालणाऱ्या शोधसमित्यांना कायद्याने एका राष्ट्रीय संस्थेत यावे लागले.

घरांचेही असेच. युद्धात प्रत्येक बाजूने पळून गेलेल्यांची घरे ‘बेवारस’ ठरवून आपल्या निर्वासितांना वाटली होती. त्यामुळे एकाच्या घरात दुसरा आणि दुसऱ्याच्या घरात तिसरा अशी साखळी तयार झाली. स्थानिक पुढाऱ्यांचे म्हणणे सोपे होते: आधी आमची माणसे त्यांच्या घरी जाऊ द्या, मग तुमची येऊ द्या. या बोलीवर एकही कुलूप उघडत नव्हते. १९९९मध्ये उच्च प्रतिनिधी वोल्फगांग पेत्रिच यांनी मालमत्तेचे कायदे दुरुस्त करून लादले आणि सौदेबाजीचा रस्ताच बंद केला. अर्ज ज्या क्रमाने आले त्या क्रमाने निकाली काढायचे, अर्जदार कोणत्या जमातीचा हे पाहायचे नाही. निकाल, नोटीस, मुदत, आणि मुदत उलटली की पोलिसांसमक्ष ताबा. स्वतःचे घर असून दुसऱ्याचेही बळकावून बसलेल्या पोलीस नि नगरसेवकांना आधी हलवायचे. दर महिन्याला प्रत्येक नगरपालिकेचे आकडे छापले जात. कोण मागे आहे ते सगळ्यांना दिसे. अडवणूक करणाऱ्या २२ अधिकाऱ्यांना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एका दिवशी पदावरून काढले. दोन लाखांहून अधिक अर्जांपैकी नऊ दशांशांवर पाचेक वर्षांत निकाली निघाले. आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांचा अनुभव असलेल्या वाचकाला हा वेग कदाचित खराही वाटणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे हुकमाने झाले. २००३मध्ये अभ्यासक गेराल्ड क्नाउस आणि फेलिक्स मार्टिन यांनी बॉस्नियातल्या या कारभाराला ‘युरोपीय राज’ म्हटले होते. त्यातला ‘राज’ हा शब्द त्यांनी कुठून उचलला ते आपल्याला सांगायला नको. लोकांनी निवडून दिलेला माणूस एका परदेशी मुत्सद्द्याने सहीनिशी काढावा, त्यावर अपील नसावे, ही लोकशाही नव्हे. तेव्हाचे उच्च प्रतिनिधी पॅडी ॲशडाउन यांनी २००४च्या जूनमध्ये एका फटक्यात साठेक जणांना हटवले, तेव्हा हा आक्षेप आणखी धारदार झाला. तो मला मान्य आहे. अप्रिय निर्णय परक्या माणसाने घ्यायचे आणि आपण निषेधाची भाषणे करायची, ही सवय तिथल्या पुढाऱ्यांना लागली ती याच काळात. पण हुकूम आणि हुकूम यांत फरक करावा लागतो. प्लेटचा हुकूम एकदा निघाला आणि संपला. आज तो मागे घ्या असे कुणी म्हणत नाही. घराचा हुकूम प्रत्येक जमातीच्या काही माणसांच्या फायद्याचा होता, म्हणून त्याच्या बाजूने उभे राहणारे प्रत्येक गावात निघाले. परदेशी अधिकाऱ्याला कायमचा पहारा द्यावा लागतो अशी जी फर्माने होती, तीच पुढे कोसळली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. घरे परत मिळाली, पण माणसे परतली नाहीत. अनेकांनी किल्ली हातात येताच घर विकले किंवा बदलून घेतले आणि आपल्या जमातीच्या बहुमतातच राहणे पसंत केले. तेव्हा हाकलणाऱ्यांचा हेतू अखेर सिद्धीस गेलाच, असे कुणी म्हटले तर ते पूर्ण खोटे नाही. तरीही हाकलून दिलेला माणूस आणि स्वतः घर विकून गेलेला माणूस यांत अंतर आहे. दुसऱ्याच्या हातात त्याच्या घराची किंमत तरी पडली. शिवाय लाखो माणसे अल्पसंख्य होऊन परतलीही, आणि त्यांतली काही युद्धात सर्वांत क्रूर अत्याचार झालेल्या प्रियेदोरसारख्या भागात. शाळांचे मात्र काही सोडवता आले नाही हे कबूल केले पाहिजे. हर्झेगोव्हिना नि मध्य बॉस्नियात एका छताखाली दोन शाळा भरतात. क्रोएट मुले एका पाळीत वा एका दाराने, बॉस्नियाक मुले दुसऱ्या. मोस्तारची जुनी जिम्नॅशियम शाळा २००४मध्ये कागदोपत्री एक झाली, तरी अभ्यासक्रम दोनच राहिले. डीएनएच्या नळीवरून नाव पुसता येते, इतिहासाच्या पुस्तकावरून पुसता येत नाही. याय्त्से गावात नवी वेगळी शाळा काढायचा घाट घातला गेला, तेव्हा तो मोडून काढला तो तिथल्याच दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी, २०१७ साली. परक्या संस्थांनी त्यांना पुढे पुरस्कार दिला, ते ठीकच.

एवढे पुरावे जमूनही स्रेब्रेनित्साचा इन्कार थांबलेला नाही, मग या हाडांनी साधले काय, असेही विचारले जाते. याचे उत्तर २००४मधल्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मिळते. बॉस्नियाच्याच सर्बबहुल भागाच्या, म्हणजे सर्ब प्रजासत्ताकाच्या, सरकारने दबावाखाली एक आयोग नेमला होता. त्या वर्षी त्याच्या अहवालात हत्याकांडाची कबुली आली आणि सरकारने माफीही मागितली. २०१८मध्ये तिथल्याच विधानसभेने तो अहवाल रद्द ठरवला. पण त्याच आयोगाने तोवर अज्ञात असलेल्या सामूहिक कबरींची ठिकाणेही सांगितली होती. तिथे खोदले गेले, सापडलेली माणसे नावानिशी पुरली गेली, आणि ते काही ठरावाने रद्द झाले नाही. २०२१मध्ये उच्च प्रतिनिधी व्हॅलेंटिन इन्झ्को यांनी जाता जाता इन्काराला गुन्हा ठरवणारा कायदा लादला, तर सर्ब पुढाऱ्यांनी राष्ट्रीय संस्थांवर बहिष्कार टाकला. जे बोलायला लावले ते परत गिळले गेले; जे मोजून ठेवले त्यावर वाद घालणाऱ्याला निदान आकडा खोडावा लागतो.

सुमारे साडेसात हजार माणसे अजून बेपत्ता आहेत, आणि आता अडचण प्रयोगशाळेची उरलेली नाही. कबरी ठाऊक असणारे म्हातारे होत आहेत आणि बोलत नाहीत. शवागारांत अशी हाडे आहेत की जी कुठल्याही रक्ताशी जुळत नाहीत. त्याचे एक संभाव्य कारण असे की डीएनए येण्यापूर्वी कपड्यांवरून ज्यांची ओळख ‘पटली’ त्यांपैकी काही भलत्याच कुटुंबांच्या कबरीत आहेत. त्या कुटुंबांना आपले माणूस सापडले असे वाटते, म्हणून ती रक्त द्यायला आलीच नाहीत. त्यांच्याकडून नमुना मागायचा म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाबद्दल शंका घ्यायची, आणि शंका खरी ठरली तर कबर उघडायची. शवागारांची फेरतपासणी वर्षानुवर्षे रखडत चालली आहे. देणगीदार देशांना परिसंवादासाठी पैसे देणे अजूनही यापेक्षा सोपे वाटते.