४१४००१ मूळ संख्या आहे का?

अहिल्यानगर शहराच्या पत्त्याखाली ४१४००१ लिहिताना ती एक संख्या आहे हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला ४ टपालाचा विभाग सांगतो, शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. मात्र याच सहा अंकांवर गणितातले काही जुने गैरसमज तपासून पाहता येतात.

पहिला गैरसमज: ही मूळ संख्या असणार. शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १०, म्हणजे ३ही बाद. मग राहिलं काय? बरंच काही. ४ लाखांच्या आसपास सरासरी तेरा संख्यांत एकच मूळ सापडते. २, ३ आणि ५ या तिन्हींच्या चाळणीतून सुटलेल्या संख्यांतही निम्म्याहून कितीतरी जास्त संयुक्तच निघतात.

इथे पाटीवरची एक सोपी युक्ती कामाला येते. तीन-तीन अंकांचे गट करून वजाबाकी करायची: ४१४ वजा १ म्हणजे ४१३. आपली संख्या ४१४ × १००१ मधून ४१३ वजा केल्यावर मिळते, आणि १००१ = ७ × ११ × १३. म्हणून या तिघांपैकी जी संख्या ४१३ला भागते, तीच ४१४००१लाही भागते. ४१३ = ७ × ५९. सात सापडला! आता भागत चला: ५९१४३, मग ८४४९, मग १२०७. सात तीनदा गेला. उरलेले १२०७ = १७ × ७१.

म्हणजे ४१४००१ = ७ × ७ × ७ × १७ × ७१. पत्त्यावरच्या रुक्ष आकड्यात १७ आणि ७१ असे एकमेकांचे उलटे शेजारी निघावेत, हे फार सुंदर आहे.

एवढ्या मोठ्या संख्येची परीक्षा घ्यायला लाखो भागाकार लागतात, हेही खरं नाही. तिचं वर्गमूळ ६४३च्या थोडं पुढे आहे. तिथवरच्या ११७ मूळ संख्या तपासल्या की निकाल लागतो.

अंकांची बेरीज १०, पुन्हा बेरीज १, म्हणून संख्या शुभ, असंही सांगितलं जातं. त्या १चा अर्थ इतकाच, की ९ने भागल्यावर बाकी १ उरते.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या ६१७४बद्दलचा गैरसमज मात्र चांगल्या जाणकारांतही आढळतो. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं, की कोणतीही संख्या एका ठरावीक स्थिरांकावर थांबते, असं अनेकांना वाटतं. सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्यांपुरतं ते खरं आहे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन मुक्काम आहेत, आणि सात संख्यांचा एक फेराही आहे.

नगरचा पिनकोड कुठे जातो? ४४११०० वजा ००११४४ = ४३९९५६. पुढे ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि आठव्या पायरीला ४२०८७६. इथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६.