सरोवराभोवतीची विनामूल्य फेरी

दक्षिण कोलकात्यातील रवींद्र सरोवराभोवतीची पायवाट सपाट, सावलीची आणि कोणत्याही वयाच्या माणसास झेपणारी आहे. उत्तरेस सदर्न अव्हेन्यूची वर्दळ, दक्षिणेस बजबजकडे जाणारा लोहमार्ग आणि या दोहोंच्या मध्ये सुमारे ७३ एकरांचे पाणी. उर्वरित सुमारे ११९ एकरांत झाडी, रस्ते, क्लब व क्रीडांगण आहे. पाणी एका हातास ठेवून काठाकाठाने चालत राहिलेला माणूस निघाल्या जागी परत येतो. या फेरीसाठी त्याला काहीही मोजावे लागत नाही. जे विनामूल्य मिळते त्याचा खर्च कोण सोसतो आणि लाभ कोणाच्या पदरी पडतो, हा प्रश्न मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे.

हे सरोवर नैसर्गिक नाही. शहरांतील दाट वस्ती विरळ करण्यासाठी व नव्या वसाहती आखण्यासाठी मुंबईत १८९८ मध्ये सुधार न्यास स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या वसाहती त्याच्याच योजनेतून उभ्या राहिल्या. त्याच धर्तीवर कोलकात्यात १९११ च्या कायद्यान्वये न्यास निर्माण झाला. या न्यासाने १९२० च्या दशकात ढाकुरिया परिसरातील सुमारे १९२ एकर दलदलीची जमीन संपादन केली. हेतू निवासी भूखंडांचा होता. सखल जमीन उंच करण्यासाठी माती हवी होती. ती जेथून काढली गेली तेथे पाणी साचून तलाव झाला. गृहनिर्माण हे मुख्य उत्पादन आणि सरोवर हे उपउत्पादन, असे हे संयुक्त उत्पादनाचे उदाहरण आहे. ‘ढाकुरिया लेक’चे ‘रवींद्र सरोवर’ असे नामांतर १९५८ मध्ये झाले.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. कोलकात्याच्या दक्षिणेस नरेंद्रपूर येथील चिंतामणी कर पक्षी अभयारण्य हे वन विभागाच्या अखत्यारीतील, वन्यजीव कायद्याचे संरक्षण लाभलेले जंगल आहे. रवींद्र सरोवर हे अभयारण्य नव्हे. त्याचा समावेश राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत झाला. तथापि तेथील चालणारे, नौकाविहार करणारे आणि पक्षी यांच्या हक्कांचा मेळ स्थानिक यंत्रणेलाच घालावा लागतो.

पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये सार्वजनिक वस्तूची जी लक्षणे मांडली, ती पहाटेच्या फेरीस बरीचशी लागू पडतात. एकाने सावली घेतली म्हणून दुसऱ्याची सावली कमी होत नाही. त्याच काठावरील रोइंग क्लब मात्र सदस्यत्वाचे शुल्क घेतात व इतरांना बाहेर ठेवतात. जेम्स ब्यूकॅनन यांनी १९६५ मध्ये वर्णिलेली ‘क्लब वस्तू’ ती हीच. पाणी एकच, परंतु त्याचे आर्थिक स्वरूप काठावरील व्यवस्थेनुसार बदलते.

मग या फेरीचे मोल काढावे कसे? हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९४७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला सुचविले की, लोक उद्यानापर्यंत पोहोचण्यासाठी जो खर्च करतात त्यावरून त्यांना मिळणाऱ्या लाभाचा अंदाज बांधता येतो. ही प्रवासखर्च पद्धती दूरच्या अरण्यासाठी ठीक आहे. घरातून पायी येणाऱ्या नित्याच्या फेरीकऱ्याचा प्रवासखर्च जवळजवळ शून्य असतो. म्हणून त्याचा लाभही शून्य म्हणायचा काय? अशा वेळी घरांच्या किमतींकडे पाहावे लागते. सरोवरासमोरील सदनिकेला मिळणारी जादा किंमत हे त्या दृश्याचे व हवेचे बाजारातील प्रतिबिंब होय. ती जादा किंमत मात्र घरमालकाच्या हाती पडते. झाडांची निगा सार्वजनिक निधीतून होते. २० मे २०२० रोजीच्या अम्फान चक्रीवादळात येथील अनेक वृक्ष उन्मळून पडले. पडलेले लाकूड विकले गेल्यास ती रक्कम राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाईल. नाहीशी झालेली सावली त्यातून वजा होणार नाही.

या सर्वांहून अवघड प्रश्न छठपूजेच्या निमित्ताने उभा राहिला. मावळत्या व उगवत्या सूर्याला पाण्यात उभे राहून अर्घ्य देण्याची ही परंपरा बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांनी कोलकात्यातही जपली आहे. पाण्यात मिसळणारे तेल व पूजासाहित्य, तसेच फटाके व वाद्यांचा आवाज यांचा भार मासे व पक्ष्यांवर पडतो, हा बाह्य परिणाम होय. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये सरोवरात पूजेस मनाई केली. तरीही २०१८ मध्ये पूजा झाली आणि २०१९ मध्ये दरवाजांची कुलपे तोडून लोक आत शिरले. २०२० मध्ये कोलकाता महानगर विकास प्राधिकरणाने सवलतीसाठी केलेली विनंती न्यायाधिकरणाने फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही, आणि नोव्हेंबरमध्ये बंद दरवाजांवर पोलीस उभे राहिले.

मनाई योग्यच होती. पण ती फुकट नव्हती. पूजेसाठी शहरात अन्यत्र पर्यायी घाटांची सोय करण्यात आली. सरोवराजवळ राहणाऱ्या कुटुंबाला सूप, ऊस आणि फळांच्या टोपल्या घेऊन, वृद्धांना व मुलांना सांभाळत, सूर्योदयापूर्वी तेथवर जावे लागते. फेरीकऱ्याचा लाभ ज्या प्रवासखर्चाने मोजायचा, तोच प्रवासखर्च या कुटुंबावर संवर्धनाची किंमत म्हणून पडतो. लाभ-खर्चाचा ताळेबंद मांडताना पहिला आकडा धरला, तर दुसराही त्याच पानावर धरावा लागेल.